मोटरचे फेरे आणि क्राउन-पिनियनचं गणित

मागच्या चाकांवर चालणारी जुनी पेट्रोल गाडी, इंजिन काढून इलेक्ट्रिक करायची आहे. त्याआधी क्राउन-पिनियनचं, म्हणजे मागच्या ॲक्सलमधल्या शेवटच्या गिअरजोडीचं, गुणोत्तर मोजायचं. डावं मागचं चाक जमिनीवर, उजवं जॅकवर, गिअर न्यूट्रल. हँडब्रेक सोडलेला आहे, म्हणून पुढच्या चाकांना ठोकळे लावलेत.

प्रॉपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत जाणाऱ्या दांड्यावर) खडूची खूण करून उजवं चाक बरोबर दोन फेरे फिरवायचं. दोन अशासाठी, की एक चाक अडवलं की मोकळं चाक दुप्पट फिरतं. शाफ्ट चार फेरे फिरून जरासा पुढे गेला. म्हणजे गुणोत्तर ४.१, चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ४.१.

टायर २०५/५५ आर १६. भाराखाली एका फेऱ्यात सुमारे १.९३ मीटर. म्हणजे ताशी १०० किलोमीटरला चाकाचे मिनिटाला साधारण ८६५ फेरे, आणि शाफ्टचे ३,५५०.

आता मोटर. पहिल्या पिढीतल्या निसान लीफची, टॉर्क (फिरवण्याचा जोर) २८० न्यूटन-मीटर, शक्ती ८० किलोवॅट. या दोन आकड्यांतूनच निघतं, की पूर्ण शक्ती मिळते ती २,७३० फेऱ्यांच्या पुढे. मोटर थेट शाफ्टला जोडली, तर तो वेग येतो ताशी ७७ किलोमीटरला! शहरात ही मोटर कायम अर्धपोटी. निसानने स्वतः गुणोत्तर ठेवलं होतं ७.९४, तिथे हाच टप्पा चाळिशीत येतो.

गाडी हलेल, नाही असं नाही. पण घाटात निसानच्या गुणोत्तराइतकाच जोर चाकावर काढायला जवळपास दुप्पट करंट लागतो, आणि तांब्यातली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. दुप्पट करंट, चौपट ताप. मग कंट्रोलर (मोटरला करंट मोजून देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) आपणहून शक्ती कापतो, नेमका चढावर.

उपाय गाडीतच आहे. मूळ गिअरबॉक्स ठेवून तो दुसऱ्यात चालवायचा. दुसऱ्याचं गुणोत्तर २ धरलं, तर एकूण ८.२. ताशी १०० ला मोटर ७,१०० च्या आसपास. ही मोटर दहा हजारांपर्यंत जाते, तेव्हा चिंता नाही. चिंता गिअरबॉक्सच्या इनपुट बेअरिंगची आणि ऑइल सीलची. पेट्रोल इंजिन इतका वेळ इतकं वर फिरत नाही.

शिवाय गिअरबॉक्सच्या १३०-१४० न्यूटन-मीटरसाठी घडवलेल्या दातांवर २८० टाकले, तर ते तुटू शकतात. म्हणून कंट्रोलरमध्ये मर्यादा १४० ला बांधायची. चाकावरचा जोर थेट जोडणीइतकाच, करंट मात्र निम्मा. पूर्ण २८० हवेत, तर वेगळा, दणकट रिडक्शन बॉक्सच (वेग कमी करून जोर वाढवणारी गिअरपेटी) बसवावा. खर्च जास्त, पण काम पक्कं.

रिव्हर्स मोटर उलटी फिरवून मिळतो. त्यात आणि रीजनमध्ये (वेग कमी करताना मोटरने बॅटरी चार्ज करण्यात) भार दातांच्या मागच्या बाजूवर येतो, आणि क्राउन-पिनियनची ती बाजू कमजोर असते. दोन्हींचा टॉर्क कमी ठेवायचा. ॲक्सिलरेटर सोडताच मागून खणखण ऐकू आली, तर रीजनचं सेटिंग वाढवण्याआधी बॅकलॅश (दातांमधली मोकळी फट) मोजायचा.