२९ लाख बाइटांतला हिमालय

[दृश्य : काळ्या पडद्यावर अंक आणि अक्षरांच्या रांगा खालून वर सरकत आहेत.]

या रांगांमध्ये एव्हरेस्ट आहे. ल्होत्से आहे, आमा दबलम आहे आणि त्यांच्या पायथ्यापासून खाली उतरत जाणारं दूधकोशीचं खोरं आहे. फाइलचं नाव एन२७ई०८६, पुढे टिंब आणि एचजीटी. आकार २८,८४,८०२ बाइट. आत एकही शब्द नाही. आकडे मीटरमध्ये आहेत की फुटांत, कुणी मोजले, ओळ कुठे संपते, यातलं काहीही लिहिलेलं नाही. पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत फक्त उंची.

अशी फाइल आजच्या नकाशांच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये नुसती ओढून टाकली तरी डोंगर दिसतो. आपण ती हाताने आत आणणार आहोत. एकदा तरी प्रत्येकाने ती अशी आणावी.

[दृश्य : नासाच्या संग्रहातलं चित्रण. एंडेव्हरचं उड्डाण. मग अवकाशात उलगडत जाणारा लांब सांगाडा.]

११ फेब्रुवारी २०००. एंडेव्हर यान सहा अंतराळवीरांना घेऊन निघालं. कक्षेत पोचल्यावर यानाच्या पोटातून हा सांगाडा बाहेर येऊ लागला. नीट पाहा, घडीमागून घडी उलगडते आहे. पूर्ण लांबी ६० मीटर, आणि टोकाला एक अँटेना. दुसरी, मुख्य अँटेना यानातच. मुख्य अँटेनाने जमिनीकडे रडारच्या लहरी सोडायच्या आणि परत येणाऱ्या लहरी दोघींनी टिपायच्या. दोघींपर्यंत पोचताना लहरींनी कापलेलं अंतर किंचित वेगळं असतं. त्या किंचित फरकातून खालच्या जमिनीची उंची निघते. रडारला ढगांची अडचण नाही, रात्रीचीही नाही. एसआरटीएम नावाच्या या ११ दिवसांच्या मोहिमेत ६० अंश उत्तर ते ५६ अंश दक्षिण अक्षांश एवढा पट्टा मोजला गेला. जगाच्या जमिनीचा सुमारे ८० टक्के भाग.

[दृश्य : त्याच डोंगराच्या दोन प्रतिमा शेजारी शेजारी. एक जाड, एक बारीक.]

डावीकडची जाळी तीन सेकंदांची आहे, आपल्या फाइलीतलीही तीच. अंशाचे ६० मिनिटं, मिनिटाचे ६० सेकंद. त्यातल्या दर तीन सेकंदांना एक आकडा. विषुववृत्तावर हे अंतर साधारण ९० मीटर भरतं. उजवीकडची एका सेकंदाची, म्हणजे ३० मीटरची. दोन्ही एकाच मोहिमेतल्या. पण अमेरिकेबाहेरच्या जमिनीसाठी बरीच वर्षं सर्वांना मिळत होती ती डावीकडची. उजवीकडची जगासाठी खुली करण्याची घोषणा सप्टेंबर २०१४ मध्ये झाली. मोजलेली जमीन तीच, मोजणारं रडार तेच. तोवर जगातल्या अभ्यासकांनी जाड जाळीवर काम केलं.

[दृश्य : ग्रास सॉफ्टवेअरची खिडकी, शेजारी टर्मिनल.]

आपलं साधन ग्रास, नकाशे आणि जमिनीची माहिती हाताळणारं सॉफ्टवेअर. १९८२ साली अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाच्या प्रयोगशाळेत, लष्करी जमिनींचं नियोजन करण्यासाठी त्याचं काम सुरू झालं. पुढे लष्कराने हात काढून घेतला तेव्हा विद्यापीठांतल्या माणसांनी ते उचललं, आणि १९९९ मध्ये ते जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली आलं. आज त्याची प्रत्येक ओळ कुणालाही वाचता येते. उंचीचे आकडे आत येताना त्यांचं नेमकं काय होतं हे ज्याला तपासायचंय, त्याच्यासाठी ही सोय फार मोलाची आहे.

आज्ञेचं नाव आर.इन.बिन. ही आज्ञा फाइलवरून अंदाज बांधत नाही, विचारते. ओळी किती? स्तंभ किती? एका आकड्याला बाइट किती? मोठा बाइट आधी की लहान? ऋण आकडे आहेत का? चारही कडा कुठे?

पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर फाइलच्या आकारातच आहे. एका उंचीला दोन बाइट, म्हणून २८,८४,८०२ चे अर्धे करा : १४,४२,४०१. त्याचं वर्गमूळ काढा : १२०१. एवढ्याच ओळी, एवढेच स्तंभ. चुकून १२०० लिहिलं तर काय होतं, ते पडद्यावर दिसतंय. बाइटांचा हिशेब जुळत नाही, असं सांगून ग्रास थांबतं. ही चूक सॉफ्टवेअर स्वतः पकडू शकतं. पुढच्या चुका पकडू शकत नाही.

[दृश्य : हिमालयाच्या जागी रंगांचा कल्लोळ. उंच कडे आणि खोल खड्डे एकाला एक चिकटून.]

हाही एव्हरेस्टचाच परिसर आहे. फाइल तीच, एकही बाइट बदललेला नाही. फक्त क्रम उलटा वाचलाय.

एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढंच मावतं. ८८४८ लिहायचे तर दोन बाइट लागतात : ३४ आणि १४४. ३४ गुणिले २५६, अधिक १४४. या फाइलींमध्ये मोठा हिस्सा आधी लिहिण्याची पद्धत आहे. आज आपल्या टेबलावरचे बहुतेक संगणक मात्र लहान हिस्सा आधी धरतात. क्रम सांगितला नाही तर ग्रास संगणकाचीच सवय वापरतं, आणि ८८४८ मीटरचं शिखर समुद्रसपाटीखाली २८,६३८ मीटरवर जातं. ३०० मीटरची टेकडी ११,२६५ मीटर होते. २५५ मीटर आणि २५६ मीटर, उतारावरच्या या दोन शेजारच्या पायऱ्या. त्यांचे होतात उणे २५६ आणि १. म्हणून हा कल्लोळ.

कल्लोळ निदान डोळ्यांना दिसतो. याच चित्रातली ही सपाट चकती पाहा. इथे रडारला जमीन दिसलीच नव्हती. उभ्या कड्यांच्या आड लहरी पोचत नाहीत. अशा जागी 'मोजमाप नाही' या अर्थाने उणे ३२,७६८ लिहिलेलं असतं. बाइट उलटे वाचले की त्याचे बरोबर १२८ होतात. मोजमाप नव्हतं तिथे १२८ मीटर उंचीचं गुळगुळीत पठार उभं राहतं. हा आकडा इतका साधा आहे की कुणी शंकाही घेणार नाही.

[दृश्य : जगाचा नकाशा. सगळे समुद्र पांढरे, कोणत्याही पर्वतापेक्षा उंच.]

हे जीटोपो३०, १९९६ सालची जगाची उंची, ३३ तुकड्यांत. इथे क्रम बरोबर आहे, पण आकड्यांना ऋण चिन्ह असू शकतं हे सांगायचं राहिलंय. समुद्रासाठी लिहिलेले उणे ९९९९ आता ५५,५३७ म्हणून वाचले गेलेत. जीटोपोसोबत एक छोटी मजकुराची फाइल मिळते. ओळी, स्तंभ, बाइटांचा क्रम, रिकाम्या जागेचा आकडा, सगळं तिच्यात साध्या अक्षरांत लिहिलेलं असतं. ती वाचली की हे घडत नाही. मोजणी करणाऱ्याने असा कागद सोबत द्यायलाच हवा, आणि घेणाऱ्याने तो मागायलाच हवा.

[दृश्य : दोन शेजारचे तुकडे जोडताना मधली शीव, मोठी करून.]

राहिल्या कडा. नावातले २७ आणि ८६ म्हणजे नैऋत्य कोपऱ्यातल्या आकड्याचे अक्षांश-रेखांश. तो आकडा जाळीतल्या एका चौकोनाच्या मध्यबिंदूचा असतो. ग्रासला हवी असते चौकोनाची बाहेरची कड. म्हणून चारही बाजू अर्ध्या चौकोनाने, म्हणजे दीड सेकंदाने, बाहेर सरकवायच्या. नाहीतर १२०१ चौकोन बरोबर एका अंशात कोंबले जातात, प्रत्येक चौकोन किंचित आक्रसतो आणि शेजारचा तुकडा शिवेवर जुळत नाही. आर.इन.एसआरटीएम ही वेगळी आज्ञा हे आपोआप करते. ती का करते, ते या शिवेवर दिसतं.

[दृश्य : पूर्ण आज्ञा टाइप होते. मग छायांकित उठाव : हिमनद्या, धारा, दऱ्या.]

बाइट दोन, चिन्हासह, मोठा हिस्सा आधी, ओळी आणि स्तंभ १२०१, उणे ३२,७६८ म्हणजे रिक्त.

[इथे निवेदन थांबते. चित्र तसेच चालू राहते.]

उरलेली भोकं आर.फिलनल्स भरून काढतं, भोवतालच्या उंचीवरून. भरलेली जागा मोजलेली नसते, म्हणून कुठे भरलं त्याचा वेगळा नकाशा ठेवायचा. रानात या रडारने बऱ्याचदा जमिनीऐवजी झाडोऱ्यातली उंची मोजली आहे, तेही ध्यानात ठेवायचं. कारण पाणलोटाच्या सीमा आणि पुराचे अंदाज याच आकड्यांवरून काढले जातात.

[दृश्य : टर्मिनल. आर.इन्फोचा तक्ता.]

शेवटी आर.इन्फो. ओळी, स्तंभ, कडा, सर्वात कमी उंची, सर्वात जास्त उंची. आणि तळाशी, हा नकाशा ज्या आज्ञेने आत आला ती आज्ञा, आपण दिलेल्या प्रत्येक उत्तरासकट. ग्रास ही नोंद स्वतःहून ठेवतं. हा नकाशा कुणाला द्याल तेव्हा ती नोंदही सोबत द्या.