जवळ्याच्या बोटाला धरून लाल माठ

(दृश्य: मालवणातलं स्वयंपाकघर, दुपारचं ताट)

भात, बांगड्याची आमटी आणि कडेला लाल माठ. आमटीभात बघता बघता संपतो, माठ मात्र होता तिथेच. माशांवर वाढलेल्या पोरांच्या घरी हे रोजचंच.

साधारण 2 ते 6 या वयात मुलं नव्या चवीला बिचकतात. तीच भाजी 8-10 वेळा, कधी 15 वेळा चाखल्यावर अंगवळणी पडते. घरचे बहुधा चौथ्याच वेळी हात टेकतात.

म्हणून ओळखीच्या चवीचं बोट धरायचं.

(दृश्य: सुपात सुका जवळा)

माठाच्या एका जुडीला दोन मोठे चमचे जवळा, म्हणजे अगदी बारीक सुकी कोलंबी. मंद आचेवर कोरडाच दोन मिनिटं भाजा, गार झाला की चोळून पाखडा. मिशा उडून जातात. त्या राहिल्या तर जिभेला टोचतात आणि खापर माठावर फुटतं. मग जवळा धुऊन घ्या. कोलंबी-खेकड्याची ॲलर्जी असलेल्या मुलाला जवळा नकोच.

माठ तीन-चार पाण्यांत धुवा, रेती दाताखाली आली की पुढचा घास विसराच. तेलावर लसूण, कांदा, जवळा. मग चिरलेले देठ, आणि पाचेक मिनिटांनी पानं. मिरची अख्खी टाका, वाढताना काढा. पाणी घालू नका, माठाला सुटतं तेवढं पुष्कळ. ते आटेपर्यंत झाकण न ठेवता परता; पचपचीत भाजी मोठ्यांनाही नको असते. वर मूठभर ओलं खोबरं.

(दृश्य: भाताशेजारी चहाच्या चमच्याएवढा माठ)

वाढायचा एवढाच. रंग भातात उतरतो, भात गुलाबी होतो, आणि पोराचं बोट आपसूक तिकडे जातं. बोट चाटलं तरी ती एक खेप धरा. "संपव" म्हणू नका. भाजीच्या बदल्यात चॉकलेट कबूल केलंत, तर भाजी ही शिक्षाच असणार, हे पोराला लगेच कळतं. दर खेपेला जवळा थोडा कमी करत जा.

किसलेला दुधी घावण्यात लपवणं सोपं, पण पोराला पत्ता लागला की घावणाही बंद. त्यापेक्षा किसताना त्यालाच शेजारी बसवा. कीस बारीकच हवा, जाड राहिला तर घावणा उलथताना फाटतो. पीठ तळाशी बसतं, दर घावण्याआधी ढवळा.

आणि जेवणाआधीचे दोन तास बिस्किटांचा डबा वरच्या फळीवर.