तोंडात हिरा घेऊन चालणारा पाणघोडा

[पडदा काळा. फक्त आवाज: रातकिडे, ओढ्याचं पाणी, लांबवर कुठेतरी फांदी मोडल्याचा.]

लायबेरियाच्या जंगलात एक जुनी गोष्ट सांगतात. बुटका पाणघोडा रात्री चरायला निघतो तेव्हा त्याच्या तोंडात एक हिरा असतो. त्या हिऱ्याच्या उजेडात तो वाट काढतो. उजाडायच्या आत तो हिरा लपवून ठेवतो, कुठे ते त्याचं त्यालाच ठाऊक. आणि एखाद्या शिकाऱ्याने त्याला रात्रीच गाठलं, तर हिरा शिकाऱ्याचा.

ज्यांनी ही गोष्ट रचली त्यांनी तो काळोख अनुभवलेला असणार. इथे भर दुपारी झाडांखाली तिन्हीसांजेसारखं असतं. रात्री तर स्वतःचा हात दिसत नाही. आणि अशा अंधारात अडीचशे किलोचा एक प्राणी गाजावाजा न करता येतो, जातो, आणि कुणाच्या नजरेला पडत नाही.

[दृश्य: ओढ्याकाठची ओली माती. पावलाचा ठसा, अगदी जवळून.]

हा ठसा बघा. चार बोटं, एकमेकांपासून सुटी, फाकलेली. आपण ज्याला नुसतं पाणघोडा म्हणतो, तो कळपाने नदीत डुंबणारा मोठा प्राणी. त्याच्या पुढे हा वजनात पासंगालाही पुरत नाही. उंचीला जेमतेम माणसाच्या कंबरेएवढा. कळप नाही, बहुतेक वेळा एकटाच. दिवसभर ओढ्यात किंवा काठाच्या कपारीत पडून राहायचं आणि अंधार पडला की बाहेर यायचं. पाला, कोवळे कोंब, पडलेली फळं हे त्याचं खाणं. रोजच्या येण्याजाण्याने झुडपांतून त्याचे बोगद्यासारखे मार्ग तयार होतात. शेपटी फटकारत तो शेण दोन्ही बाजूंच्या पाल्यावर उडवतो, म्हणजे मागून येणाऱ्याला कळावं, इथून कुणीतरी गेलंय.

त्याची कातडी वरून जाड वाटते, पण तिचा बाहेरचा थर पातळ असतो. उन्हात ती सुकते, तडकते. म्हणून अंगातून एक चिकट स्राव पाझरत राहतो आणि कातडी ओली, चकचकीत दिसते. जुलै 2024 मध्ये थायलंडच्या खाओ खियाओ प्राणिसंग्रहालयात मू डेंग नावाचं पिल्लू जन्मलं आणि आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर आलं. तिच्या अंगावरची ती चमक आठवते ना? ती सावलीत आणि ओलाव्यात जगण्यासाठी घडलेल्या कातडीची चमक आहे. त्या कातडीला लागणारी सावली आज जगात चारच देशांत उरली आहे: लायबेरिया, सिएरा लिओन, गिनी आणि आयव्हरी कोस्ट. नायजेरियात या प्राण्याची एक वेगळी उपजात होती. ती संपली असं मानतात. 2015 च्या अंदाजानुसार रानात उरलेले प्रौढ पाणघोडे दोन ते अडीच हजार. त्यांतले सर्वांत जास्त लायबेरियात.

[दृश्य: मुंबई बंदर. मालवाहू जहाजाची मागची बाजू.]

लायबेरिया हे नाव आपल्याला वाटतं तेवढं परकं नाही. न्हावा-शेव्याला लागलेल्या जहाजांच्या मागच्या अंगाला बघितलं, तर कित्येकांवर 'मोनरोव्हिया' असं रंगवलेलं दिसतं. जहाज दुसऱ्याच कुणाचं असतं, नोंदणी लायबेरियाची. आपल्याकडचे कितीतरी दर्यावर्दी त्या देशाच्या झेंड्याखाली वर्षानुवर्षं नोकरी करतात आणि त्या देशाच्या मातीवर एकदाही पाय ठेवत नाहीत.

मोनरोव्हिया ही या देशाची राजधानी. तिथे वर्षाला साडेचार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आपल्या घाटमाथ्यासारखा. देश महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडा मोठा, लोकवस्ती पन्नास लाखांवर. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याला धरून एके काळी वर्षावनाचा सलग पट्टा होता. त्यातलं आज जे काही शिल्लक आहे, त्याचा सर्वांत मोठा वाटा या एका देशात आहे.

तो वाटा शिल्लक राहिला हेच नवल. 1989 ते 2003 या काळात इथे दोन यादवी युद्धं झाली. सुमारे अडीच लाख माणसं मेली. गोष्टीतला हिरा इथे खऱ्या अर्थाने रक्ताला लागला: हिरे आणि लाकूड विकून बंदुका येत होत्या. संयुक्त राष्ट्रांनी 2001 मध्ये हिऱ्यांवर आणि 2003 मध्ये लाकडावर बंदी घातली. युद्ध थांबल्यावर लाकूडतोडीच्या परवान्यांची छाननी झाली, तेव्हा लक्षात आलं की कागदोपत्री वाटलेलं जंगल देशातल्या प्रत्यक्ष जंगलाच्या अडीच पट होतं. 2006 मध्ये राष्ट्राध्यक्ष एलेन जॉन्सन सरलीफ यांनी आपल्या पहिल्याच कार्यकारी आदेशाने ते सगळे परवाने रद्द केले. मला हा त्या जंगलाच्या इतिहासातला फार मोठा दिवस वाटतो.

[दृश्य: रात्र. झाडीतून हलत येणारा एक पांढरा ठिपका.]

आता या जंगलात रात्री उजेड दिसतो तो शिकाऱ्याच्या कपाळावरच्या बॅटरीचा.

त्या झोतात सापडलेला डायकर जागच्या जागी थिजतो. डायकर म्हणजे जंगलात राहणारी बुटकी हरणं. इथे त्यांच्या अनेक जाती आहेत. एक आहे झेब्रा डायकर: सोनेरी अंग, पाठीवरून उतरलेले काळे पट्टे, आणि कपाळाचं हाड इतकं टणक की त्याने कडक कवचाची फळं फोडता येतात. दुसरा जेंटिंकचा डायकर, डोकं काळं, अंग करडं आणि दोहोंच्या मध्ये पांढरा पट्टा. माकडं वर शेंड्यावर फळं खाताना जे खाली सांडतात ते ही हरणं वेचतात, आणि बिया लांब कुठेतरी टाकतात.

एका नळीची बंदूक, चार काडतुसं, आणि तारेचे फास. आपल्याकडे क्लच वायरचे फास लावतात, तसेच. फासाला जात कळत नाही. तो डायकरसाठी लावलेला असतो, अडकतो बिबट्या, नाहीतर चिंपांझीच्या पिल्लाचा हात. पाणघोड्याचे ते बोगद्यासारखे मार्ग तर फास लावणाऱ्याला आयतेच मिळतात.

मांस लगेच धुरावर वाळवतात, कारण बर्फ नाही, वीज नाही, आणि बाजार दोन दिवसांच्या वाटेवर आहे. काळं पडलेलं ते मांस पोत्यात भरून मोटरसायकलवर चढतं आणि पुढे राजधानीच्या बाजारात जातं. मोठे व्यापारी, मालवाहतूक, शहरातलं गिऱ्हाईक यांच्यावर कारवाई व्हायलाच हवी. पण गावातल्या त्या माणसाला गुन्हेगार म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. घरात मुलांच्या ताटात घालायला दुसरं काही नसतं, आणि शाळेची फी याच पोत्यातून निघते. 2014 च्या इबोलाच्या साथीत रानातल्या मांसावर बंदी आली. त्या साथीत या देशात 4,800 च्या वर माणसं दगावली. पण भुकेला बंदी लागू होत नाही.

शिकाऱ्याला जे ठाऊक असतं ते पुस्तकांत उशिरा येतं. लायबेरियन मुंगसाचं उदाहरण घ्या. 1958 मध्ये शास्त्रज्ञांनी या जातीला नाव दिलं ते गावकऱ्यांकडून मिळालेल्या कवट्यांवरून. जिवंत मुंगूस त्यांच्या हाती लागायला 1980 चं दशक संपत आलं. लांब नाकाने पाचोळा उकरून गांडुळं खाणारा हा प्राणी इथल्या माणसांच्या मात्र रोजच्या ओळखीचा होता.

इथे खवल्या मांजरंही आहेत, तीन जातींची. कोकणात हा प्राणी कुणाला सांगायला नको. खवल्यांसाठी तिकडे मारलेला आणि इकडे मारलेला, दोघांचा माल पूर्व आशियाकडेच जातो. 2016 मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापारावर पूर्ण बंदीचा निर्णय झाला. चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावाने 2020 मध्ये खवल्याची प्रतिकृती पालखीत घालून मिरवली. लायबेरियातल्या गावांना हे चित्र दाखवावं असं मनापासून वाटतं.

[दृश्य: झाडाच्या मुळावर ठेवलेलं फळ. वरून दगड येतो. टक्. पुन्हा टक्.]

चिंपांझीची आई. मुळाचा सपाट भाग ऐरणीसारखा, त्यावर कवचाचं फळ, हातात दगड. ती दगड जोराने आपटत नाही. मोजून मारते, नाहीतर आतला गर चिरडून जाईल. शेजारी पिल्लू बसलंय. तेही एक खडा उचलतं, मारतं, चुकतं. हे हातात बसायला त्याला कित्येक वर्षं लागतात. दगडाने फळ फोडणाऱ्या चिंपांझीची लायबेरियातली नोंद 1951 मध्ये छापून आली, चिंपांझींच्या अभ्यासासाठी जगभर नाव झालेल्या जेन गुडाल टांझानियातल्या गोम्बेच्या जंगलात पोचण्याच्या नऊ वर्षं आधी.

पश्चिम आफ्रिकी चिंपांझी आज अतिसंकटग्रस्त आहे. 1990 पासून पाव शतकात त्यांची संख्या सुमारे 80 टक्क्यांनी घटली. लायबेरियात साधारण 7,000 आहेत, त्यांतले बहुतेक राखीव क्षेत्रांच्या बाहेर. पाळायला म्हणून पिल्लू विकतात, तेव्हा त्याच्यामागे मेलेली आई असते. पिल्लाला दगड धरायला शिकवणारं मग कुणी उरत नाही.

[दृश्य: नदी. खारफुटीचं बेट. होडी जवळ येते.]

ही फार्मिंग्टन नदी. इंजिनाचा आवाज ऐकून चिंपांझी गुडघाभर पाण्यात उतरतात आणि हात पुढे करतात. चिंपांझीला पोहता येत नाही, म्हणून त्यांना ठेवायला बेटं निवडली. 1974 पासून इथे काविळीच्या संशोधनासाठी त्यांच्यावर प्रयोग झाले. त्यातून माणसाच्या लसीला हातभार लागला. प्रयोग संपल्यावर ते या बेटांवर आले. बेटांवर पुरेसं खायला नाही, गोडं पाणी नाही. 2015 मध्ये बाहेरून येणारा पैसा थांबला, तेव्हा ते साठाहून जास्त होते. इथल्या माणसांनी त्यांना तसंच सोडलं नाही. युद्धात आणि इबोलात ज्यांच्या स्वतःच्या घरी चूल पेटायची भ्रांत होती, त्यांनी होडीत केळी भरून नेली. पुढे प्राणिप्रेमी संस्था मदतीला आल्या आणि 2017 मध्ये प्रयोग करणाऱ्या संस्थेशी तडजोड होऊन चिंपांझींच्या पुढच्या पोषणासाठी मोठी रक्कम मिळाली. त्या होडीवाल्यांची आठवण ठेवली पाहिजे.

[दृश्य: सापो राष्ट्रीय उद्यान, वरून. जंगलात मधेच चिखलाचे पिवळे खड्डे.]

सापो हे देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, 1983 चं. 2003 मध्ये त्याची हद्द वाढवून सुमारे 1,800 चौरस किलोमीटर केली. नंतर 2016 मध्ये गोला आणि 2017 मध्ये ग्रेबो-क्रान ही उद्यानं झाली. ग्रेबो-क्रान महत्त्वाचं अशासाठी, की सीमेपलीकडे आयव्हरी कोस्टचं ताई उद्यान आहे. मधले पट्टे टिकले तर हत्तींना जायला वाट राहील. इथे माकोरे नावाचा एक प्रचंड वृक्ष आहे. त्याची मोठाली फळं गिळून बिया दूरवर नेणारा हत्तीच. हत्ती गेला की झाडं उभी राहतील, पण पुढची पिढी रुजणार कशी?

ते पिवळे खड्डे सोन्याचे. सापोत सोनं शोधणाऱ्यांच्या वस्त्याच्या वस्त्या उभ्या राहिल्या, हटवल्या, पुन्हा आल्या. युद्धातून परतलेल्या, हाताला काम नसलेल्या तरुणांना नुसतं हुसकून लावल्याने ते कुठे जाणार? फरक पडू लागला तो आसपासच्या गावांतलीच पोरं गस्तीवर घेतली तेव्हा. ज्याला फास लावता येतो, त्यालाच तो पाचोळ्यात दिसतो. 2009 मध्ये लायबेरियाने जंगलातल्या गावांना त्यांच्या जंगलावर हक्क देणारा कायदा केला. त्याच वर्षी आपल्या गडचिरोलीत मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. मेंढा-लेखाच्या लोकांनी आपलं जंगल आपणच सांभाळून दाखवलं, ते तिथेही होऊ शकतं. अट एकच: कंपनीचा माणूस करार घेऊन येईल तेव्हा गावाला तो वाचून दाखवणारं कुणीतरी हवं.

[दृश्य: पहाट. झाडाच्या बुंध्याला बांधलेला कॅमेरा.]

लायबेरियाच्या रानातला बुटका पाणघोडा कॅमेरा ट्रॅपमध्ये, म्हणजे समोर हालचाल झाली की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यात, पहिल्यांदा टिपला गेला तो 2008 मध्ये, इथेच, सापोत.

गस्तीवरचा तरुण पट्टा सोडतो. आत मुंग्या शिरल्या आहेत, त्या फुंकरीने उडवतो. बॅटऱ्या बदलतो. कार्ड काढून छोट्या पडद्यावर एकेक चित्र बघतो. वाऱ्याने हललेलं पान. पुन्हा तेच पान. डायकरचे मागचे पाय. पाऊस. मग एक गोल, ओली पाठ, अर्धी चौकटीच्या बाहेर. तो चित्र मोठं करून बघतो, काही बोलत नाही, आणि कॅमेरा होता त्या जागी परत बांधतो.