'मन रिकामं करा' म्हणणाऱ्यांविषयी

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. निमंत्रणावर विषय छापलाय 'योग, ध्यान आणि मानसिक आरोग्य : संशोधन काय सांगतं?' विषय भारदस्त आहे आणि त्यावर मी बोलणारच आहे. पण आधी एक तक्रार मांडतो. तक्रार जुनी आहे, आणि दारं बंद करून बसलेली इतकी मंडळी पुन्हा कधी हाती लागतील कोण जाणे. (हशा)

तक्रार एका वाक्याची आहे. 'डोळे मिटा आणि मन पूर्ण रिकामं करा.' हे वाक्य कुणी कुणी ऐकलंय? हात वर करा. जवळपास सगळेच. आता ज्यांचं मन खरोखर रिकामं झालं त्यांनीच हात वर ठेवा. एक. काका, तुम्हाला झोप लागली असणार. (हशा) हसू नका, झोप लागणं ही चांगली गोष्ट आहे. निद्रानाशाच्या माणसाला विचारा.

माझं काम योगोपचाराचं. मनोविकारतज्ज्ञांकडे उपचार घेणाऱ्या लोकांना मी आसनं, श्वसन, थोडं ध्यान शिकवतो. औषध ते देतात, मी देत नाही आणि बंदही करत नाही. हे इतकं ठासून का सांगतोय ते पुढे कळेल.

एकदा एका मोठ्या शिबिराला गेलो होतो, शिकवायला नव्हे, मागच्या रांगेत बसून बघायला. कुणाचं होतं ते विचारू नका. व्यासपीठावर पतंजलींची मूर्ती, तिला हार, आणि पुढे कानाला माईक लावलेले गुरुजी. 'शांत व्हा!' असं ते ज्या आवाजात म्हणाले, त्यानं शेजारच्या झाडावरचे कावळे उडाले. 'विचार येतायत? हाकला त्यांना! मन कोरं करा!' आता तुम्हीच सांगा, दारात कुणी काठी घेऊन उभं आहे म्हटल्यावर विचार जातात की आणखी जमतात बघायला?

माझ्या रांगेत चाळिशीच्या एक बाई होत्या. पाचेक मिनिटांत त्यांचा श्वास वर वर चालायला लागला, बोटं थरथरायला लागली. त्यांनी डोळे उघडले. लगेच एक स्वयंसेवक आला आणि हळूच म्हणाला, 'ताई, डोळे मिटा.' त्यांनी मिटले. पुन्हा उघडले. पुन्हा तो आला. तिसऱ्या वेळी गुरुजींनीच वरून पाहिलं आणि माईकवरून म्हणाले, 'काहींना डोळे मिटवत नाहीत. अंतःकरण अशुद्ध असलं की ध्यान लागत नाही.' कुणाचं नाव घेतलं नाही, पण सगळ्या माना त्या बाईंकडे वळल्या. ज्यांनी डोळे मिटायला हवे होते, त्यांच्यासुद्धा. (हशा)

बाई उठल्या, चपला हातात घेतल्या आणि चालू लागल्या. मी मागे गेलो. पायरीवर बसवलं. म्हटलं, डोळे उघडेच ठेवा. समोर काय काय दिसतंय ते मला सांगा. फाटक. झाड. दुचाक्या. निळी बादली. पाय जमिनीला टेकवा, नीट टेकवा. आता श्वास घ्यायची काळजी करू नका, तो आपोआप येईल. सोडताना फक्त तोंड मिटून गुणगुणल्यासारखं 'म्‌ऽऽ' करा, जितका वेळ सहज होईल तितका. थोड्या वेळानं खांदे खाली आले, हात थांबले. मग बोलल्या. त्यांना घबराटीचे झटके यायचे. उपचार चालू होते, फरकही पडत होता. शिबिराला घरच्यांनी पाठवलं होतं, 'गोळ्या सुटतील' म्हणून. आणि मग त्यांनी विचारलं, 'खरंच हो, माझं अंतःकरण अशुद्ध असेल का?'

माझी तक्रार ही आहे. औषध लागू पडलं नाही तर डॉक्टर औषध बदलतो. ध्यान लागू पडलं नाही तर आपण माणसालाच दोष देतो. आधीच स्वतःला नालायक समजणाऱ्या माणसाच्या हातात आपण नालायकीचा आणखी एक पुरावा देतो, तोही धर्माच्या शिक्क्यानिशी.

आणि गंमत पाहा. ज्यांच्या मूर्तीला हार घातला होता त्यांनी काय लिहिलंय? योगसूत्रांच्या पहिल्या पादात ३०व्या सूत्रात साधनेतल्या नऊ अडथळ्यांची यादी आहे. त्यात पहिलं नाव 'व्याधि'. दुसरं 'स्त्यान', म्हणजे मनाला आलेलं जडत्व, काही करूच नये असं वाटणं. नैराश्याच्या रुग्णाला हे समजावून सांगावं लागत नाही. पुढच्याच सूत्रात या विक्षेपांच्या सोबतीला काय काय येतं ते सांगितलंय : दुःख, दौर्मनस्य म्हणजे मन खचणं, अंगाचा कंप आणि बिघडलेले श्वास-प्रश्वास. त्या बाईंच्या केसपेपरवर हे चार शब्द जसेच्या तसे लिहिता आले असते! अंतःकरणाच्या अशुद्धीचा शेरा तिथे कुठेही नाही.

मग उपाय? ३३ ते ३९ ही सात सूत्रं म्हणजे नुसते पर्याय आहेत. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा. नाहीतर श्वास बाहेर सोडून तिथे थोडं थांबणं. नाहीतर एखाद्या संवेदनेवर मन लावणं. असं करत करत शेवटी ३९व्या सूत्रात महाराज म्हणतात, तुला जे आवडेल त्याचं ध्यान कर. इतका सैल हात ठेवणाऱ्या माणसाच्या नावानं आपण कवायती घेतो. आसनांवर तर त्यांनी अख्ख्या ग्रंथात तीन सूत्रं खर्च केली, त्यातलं पहिलं 'स्थिरसुखमासनम्'. शीर्षासन लावून नातेवाइकांना फोटो पाठवणाऱ्यांनी त्यातला 'सुख' हा भाग नजरेआड करू नये. (हशा)

हठयोगप्रदीपिकेतही हाच सावधपणा आहे. तिचे कर्ते स्वात्माराम दुसऱ्या उपदेशात, म्हणजे प्रकरणात, सांगतात की सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसाच श्वासही, नाहीतर तो साधकाचाच घात करतो. पुढच्या श्लोकात आणखी स्पष्ट : नीट प्राणायामानं सगळे रोग जातात, चुकीच्या अभ्यासानं सगळे रोग होतात. यातला पहिला अर्धा भाग मी भिंतीभिंतीवर रंगवलेला पाहिलाय. दुसरा अर्धा अजून कुठे रंगवलेला दिसला नाही.

आता 'म्‌ऽऽ' का, ते सांगतो. यात चमत्कार नाही. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके थोडे वाढतात, सोडताना कमी होतात. हे प्रत्येकाच्या शरीरात आत्ता चालू आहे, मनगटावर बोट ठेवून पाहा. सोडताना व्हेगस नावाचा लांबलचक मज्जातंतू हृदयाला लगाम घालतो. म्हणून उच्छ्वास लांबवला की लगाम जास्त वेळ ओढलेला राहतो. घबराटीत उलटं होतं. माणूस भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यानं चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात, आणि मुंग्या आल्या म्हणून तो आणखी घाबरतो. अशा माणसाला 'दीर्घ श्वास घ्या, अजून घ्या' म्हणणं किंवा थेट कपालभातीला बसवणं म्हणजे आगीत तेल.

यावर २००१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक सुंदर अभ्यास आला होता. इटलीतल्या संशोधकांनी काही लोकांकडून ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना म्हणवून घेतली आणि 'ॐ मणि पद्मे हुम्' हा मंत्रही. दोन्हींमध्ये श्वास मिनिटाला साधारण ६ वर आला. म्हणजे धर्मावरून भांडणारे वर भांडत होते आणि खाली छाती एकाच लयीत चालली होती.

आणि एक नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. स्वामी कुवलयानंद. १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं आणि त्याच वर्षी 'योग मीमांसा' हे त्रैमासिक काढलं. नौली, उड्डीयान या पोटाच्या योगक्रिया करताना आत नेमकं काय होतं हे एक्स-रे काढून तपासणारा हा संन्यासी. 'आमचे पूर्वज म्हणाले' एवढ्यावर ते थांबले नाहीत. आज शंभर वर्षांनी आपल्या हातात एक्स-रेच्या कितीतरी पुढची यंत्रं आहेत आणि आपण फॉरवर्ड पाठवतोय की अमुक मुद्रेनं नैराश्य मुळापासून जातं. कुवलयानंदांनी विचारलं असतं, तपासलंत का? आणि मुद्रा करणारे... (चिठ्ठी येते) हां. दहा मिनिटं. बघा, विषय राहिलाच की.

तर संशोधन. भराभर सांगतो, लिहून घेणाऱ्यांनी क्षमा करावी.

२०१४ साली ध्यानावरच्या ४७ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, साडेतीन हजार लोक. चिंता आणि नैराश्य यांत माफक फायदा दिसला. पण औषध, व्यायाम किंवा समुपदेशन यांच्यापेक्षा ध्यान सरस आहे असं काही हाती लागलं नाही. वाईट वाटून घेऊ नका, बरोबरीनं उभं राहणं ही कमी गोष्ट नाही. २०२० साली सततच्या चिंतेच्या रुग्णांवर कुंडलिनी योगाची चाचणी झाली. योग गटात ५४ टक्के लोकांना चांगला गुण आला, वर्तन-विचार उपचाराच्या गटात ७१ टक्के, आणि नुसती तणावाची माहिती दिली त्या गटात ३३. योग मधे. माझ्या धंद्याला सोयीचं नाही, पण आकडे असे आहेत.

२०२२ सालचा अभ्यास तुम्ही बातम्यांत वाचला असेल : सजगतेचा, म्हणजे 'माइंडफुलनेस'चा, ८ आठवड्यांचा कार्यक्रम चिंतेच्या विकारांत एसिटालोप्राम या औषधाच्या तोडीस उतरला. बातमी वाचून लोक गोळ्या बंद करतात. अहो, त्या कार्यक्रमात दर आठवड्याला अडीच तासांचा वर्ग आणि घरी रोज ४५ मिनिटं सराव असतो. जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली तो अमेरिकेत बांधला, त्यात हठयोगही आहे. बसमध्ये पाच मिनिटं ॲप लावणं म्हणजे तो कार्यक्रम नव्हे. आणि चालू गोळी एकदम तोडली की त्रास होतो तो वेगळाच.

तीव्र नैराश्याचं बोलायचं तर बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेतला २०००चा अभ्यास लक्षात ठेवा. रुग्णालयात दाखल असलेले ४५ रुग्ण, तीन गट. चार आठवड्यांनी विद्युत उपचारानं (म्हणजे मेंदूला विजेचे नियंत्रित झटके देऊन) ९३ टक्के, इमिप्रामिन या औषधानं ७३ टक्के आणि सुदर्शन क्रिया या श्वसनपद्धतीनं ६७ टक्के रुग्ण लक्षणमुक्त झाले. श्वसनानं इतकं व्हावं हे थक्क करणारं आहे, आणि विद्युत उपचार पुढे आहे हेही तितकंच खरं. लोक आपापल्या सोयीचा अर्धा सांगतात. नैराश्य वारंवार उलटत असेल, म्हणजे तीन किंवा अधिक वेळा येऊन गेलं असेल, तर बरं असतानाच्या काळात सजगतेवर आधारलेला गटउपचार पुढचा झटका टाळायला मदत करतो. बरं असताना, हे महत्त्वाचं. खोल गर्तेत असलेल्या माणसाला आत बघायला बसवू नका. तिथे त्याला तेच विचार भेटतात. त्याला चालवा, हात-पाय हलतील अशी आसनं द्या.

जुन्या आघातातून गेलेल्यांसाठी २०१४ मध्ये ६४ स्त्रियांवर १० आठवड्यांची चाचणी झाली. इतर उपचारांना दाद न देणारा त्रास होता. योग गटातल्या ५२ टक्के स्त्रिया निदानाच्या निकषांतून बाहेर आल्या, दुसऱ्या गटातल्या २१ टक्के. त्या वर्गांत सक्ती नव्हती. डोळे मिटायचे की नाही, हात कुठवर उचलायचा, हे जिचं तिनं ठरवायचं. त्या पायरीवरच्या बाईंना हेच हवं होतं.

धोके. २०२० च्या एका आढाव्यात ध्यान करणाऱ्यांपैकी सुमारे ८ टक्क्यांना काही ना काही त्रास झाल्याचं दिसलं, बहुतेक चिंता किंवा उदासी. स्किझोफ्रेनियात औषधासोबत आसनांचा उपयोग होतो, निम्हान्सनं त्यावर बरंच काम केलंय, पण तासन्‌तास डोळे मिटून बसणं तिथे नको. द्विध्रुवी (बायपोलर) विकारात जलद श्वसन आणि झोपमोड करणारी शिबिरं टाळावीत. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर चटईआधी डॉक्टर, त्याच दिवशी.

घरी करायचं असेल तर पाठीला आधार घेऊन बसा, डोळे अर्धे उघडे, उच्छ्वास श्वासापेक्षा लांब, कुंभक म्हणजे श्वास रोखणं नाही, पाच मिनिटं, रोज ठरल्या वेळी. अस्वस्थ वाटलं तर उठा, पाणी प्या. उठणं म्हणजे नापास होणं नव्हे. किती आठवड्यांनी फरक... हो, हो, थांबतो. तिकडून दुसरी चिठ्ठी निघालेली दिसते आहे. (हशा)

प्रश्न घेऊया. फक्त 'कोणत्या आजारावर कोणतं आसन' असा तक्ता कुणी मागू नका, माझ्याकडे तो नाही. काका, तुम्ही जागे आहात ना? मग पहिला प्रश्न तुमचा.