चवळीचा रोग आणि कर्करोगाचं औषध

वनस्पतींच्या विषाणूंचा अभ्यास करतो असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग फवारायचं काय?" विषाणूवर फवारणी नाही, हे मी गावोगावी सांगत आलोय. रोगट झाड उपटा, मावा, पांढरी माशी, भुंगेरे आटोक्यात ठेवा, बी निरोगी घ्या. हे काम मोलाचंच आहे. पण एका वैद्यकीय परिषदेत मी आजचाच विषय, म्हणजे वनस्पतींच्या विषाणूंची कवचं कर्करोगाच्या उपचारासाठी वापरणं, पाठवला, तर "हा शेतीकडचा विषय" म्हणून परत आला. शेतीच्या परिषदेत दिला, तर "हे डॉक्टरांचं". या दोन दारांच्या मध्ये केवढं विज्ञान ताटकळत उभं आहे! आज तुम्ही आत घेतलंत, म्हणून मनापासून बोलणार आहे.

तंबाखूच्या पानावर हिरवे-पिवळे डाग पाडणारा विषाणू घ्या. या शास्त्राचा जन्मच त्याच्यापासून झाला. १८९२ मध्ये रशियात इव्हानोव्स्कीनं रोगट पानांचा रस जीवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला, तरी रोग लागला. १९३५ मध्ये स्टॅन्लीनं त्याचे स्फटिक मिळवले. इथवर बऱ्याच जणांना ठाऊक असतं. माझा जीव अडकलाय तो १९५५ च्या प्रयोगात. अमेरिकेत बर्कलीत फ्रेंकेल-कॉनराट आणि विल्यम्स यांनी या विषाणूचं प्रथिन वेगळं केलं, आरएनए, म्हणजे विषाणूची आनुवंशिक माहिती वाहणारा रेणू, वेगळा केला आणि दोन्ही पुन्हा एकत्र मिसळले. परीक्षानळीत, कुणी हात न लावता, ३०० नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) लांबीच्या त्याच पोकळ कांड्या परत उभ्या राहिल्या आणि त्यांनी तंबाखूला रोगही लावला! एका कांडीत प्रथिनाचे सुमारे २,१३० तुकडे असतात, प्रत्येक आपापल्या जागी. वर्गात हे सांगताना मी दर वेळी थांबतो. स्वतःची स्वतः जुळणारी ही डबी आपण सत्तर वर्षं फक्त रोगाच्या रकान्यात लिहीत आलो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मूळ विषय भरभर सांगतो.

चवळीवरच्या मोझॅक विषाणूचं कवच सुमारे ३० नॅनोमीटरचं, दोन प्रथिनांच्या प्रत्येकी ६० प्रतींचं. इंग्लंडमधल्या नॉरिचच्या जॉन इन्स सेंटर या संशोधन संस्थेत लोमोनोसॉफ यांच्या गटानं २००९ मध्ये ही कवचं तंबाखूच्या कुळातल्या एका रोपात रिकामी तयार केली. आत आरएनए नाही, म्हणजे त्यांच्यापासून चवळीलाही रोग नाही. शेतकऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. या विषाणूच्या पृष्ठभागावर डॉक्सोरुबिसिन या कर्करोगाच्या औषधाचे सुमारे ८० रेणू जोडता आले आहेत. पेशी तो कण गिळते, आतली विकरं (एन्झाइम) प्रथिन पचवतात आणि औषध मोकळं होतं. हे औषध हृदयाला इजा करतं, म्हणून ते गाठीपर्यंत बांधून नेण्याला एवढं महत्त्व. चवळीच्याच दुसऱ्या एका विषाणूचं कवच आम्लता कमी झाली, कॅल्शियम निघालं की फुगतं, त्याला छिद्रं पडतात. औषध आत भरायला ती वाट आहे.

अडचण मोठी आहे. शरीराची प्रतिकारयंत्रणा या कणांना परकं म्हणून ओळखते, यकृत आणि प्लीहा त्यांना रक्तातून काढून टाकतात. धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तात तर तंबाखूच्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडी) आधीच सापडली आहेत. वर पॉलिमरचा थर देऊन कण लपवायचे प्रयत्न चालू आहेत. पण २०१६ मध्ये अमेरिकेत स्टाइनमेट्झ आणि फायरिंग यांच्या गटांनी याच दोषाचा उपयोग केला. चवळीची रिकामी कवचं फुप्फुसात कर्करोग असलेल्या उंदरांना श्वासातून दिली. आत औषध नव्हतंच. कवचांनी प्रतिकारयंत्रणा जागी केली आणि गाठींची वाढ रोखली गेली. उंदरांत झालं म्हणजे माणसांत होईल असं मी म्हणणार नाही. पण या प्रयोगाला चवळीचा रोग ओळखणारा माणूस लागतो आणि कर्करोगाचा डॉक्टरही. रोग ओळखणारा तो माणूस आपल्या प्रत्येक कृषी विद्यापीठात शोधला तर सापडेल.

प्रश्नोत्तरांना वेळ उरलेला नाही. मी बाहेर व्हरांड्यात थांबतो. सभागृहात जे डॉक्टर असतील, त्यांनी कृपा करून आधी यावं.