आजारी मुलाला पाठवलेला ससा

(दृश्य: जुन्या पत्राचं पान. बारीक अक्षर, मधेमधे ससे.)

४ सप्टेंबर १८९३. स्कॉटलंडमधलं डनकेल्ड.

सत्तावीस वर्षांची बिअॅट्रिक्स पॉटर, म्हणजे पुढे ‘पीटर रॅबिट’ या सशाचं पुस्तक लिहिणारी आणि रंगवणारी, पत्र लिहायला बसली आहे. पत्र जाणार आहे नोएल मूरला. वय वर्षं पाच, आजारपणामुळे अंथरुणात. त्याची आई एके काळी बिअॅट्रिक्सला घरी शिकवायची. आता या मुलाला काय लिहावं? सुचत नाही, असं ती सरळ लिहूनच टाकते. आणि मग चार सशांची गोष्ट सांगायला लागते. दोन ओळी, की एक चित्र. पुन्हा दोन ओळी.

ससे तिला त्या दिवशी सुचले असं म्हणणं तितकंसं खरं नाही. पीटर नावाचा ससा तिने खरोखरच पाळला होता.

(दृश्य: मुलीच्या वहीतले सुरवंट.)

लंडनच्या घरात तिचं बालपण गेलं. शाळेत ती कधी गेलीच नाही. सोबतीला धाकटा भाऊ, आणि दोघांनी मिळून जमवलेले बेडूक, उंदीर, सरडे, वटवाघळं. १८७५ सालची, म्हणजे ती आठ-नऊ वर्षांची असतानाची वही आज उपलब्ध आहे. त्यात सुरवंटांची चित्रं आहेत, शेजारी त्यांच्याविषयीच्या नोंदी.

मेलेला प्राणी हाती लागला, तर ही भावंडं तो उकळून त्याचा सांगाडा मोकळा करायची. ऐकून कसंसंच होतं, कबूल. पण तिच्या चित्रातला ससा कोट घालूनही सशासारखाच का बसतो, याचं उत्तर मला त्या पातेल्यात दिसतं. कोटाच्या आत पाठ कुठे वळते हे तिला ठाऊक होतं.

१८९० मध्ये तिची सहा चित्रं शुभेच्छापत्रांसाठी विकली गेली. मोबदला, सहा पौंड. त्या आनंदात तिने चित्रासाठी बसलेल्या आपल्या सशाला पेलाभर भांगेचं बी खाऊ घातलं. दुसऱ्या दिवशी चित्र काढायला जाते, तर स्वारी तर्र! काही केल्या आवरेना. हे तिनेच डायरीत लिहून ठेवलंय. डायरीही सांकेतिक लिपीतली. ती उलगडायला १९५८ साल उजाडलं.

(दृश्य: अळंब्यांची जलरंगातली चित्रं.)

मधली काही वर्षं मुलांचं पुस्तक तिच्या डोक्यातही नसावं. तिला अळंब्यांनी पछाडलं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू रुजताना बघायचे, रंगवायचे, पुन्हा बघायचे. १ एप्रिल १८९७ ला तिचा निबंध लंडनच्या लिनियन सोसायटीत, म्हणजे निसर्गशास्त्राच्या अभ्यासकांच्या संस्थेत, मांडला गेला. ती तिथे नव्हती. बायकांना त्या सभेत प्रवेशच नव्हता.

मग तिला ते पत्र आठवलं. इतकी वर्षं नोएलने जपून ठेवलं होतं. तिने ते मागून घेतलं, उतरवून काढलं.

पत्राचं पुस्तक करायला मात्र पत्र पुरेना. पत्रात सगळं एका नजरेत दिसतं. पुस्तकात पान उलटावं लागतं, आणि उलटल्यावर तिथे काहीतरी घडलेलं असावं लागतं. गोष्ट वाढवली. चित्रं वाढवली. एका पानावर चित्र, समोर चार ओळी.

प्रकाशकांनी नकार दिला. कहाणीचा हा भाग सगळ्यांना तोंडपाठ असतो, म्हणून त्यावर रेंगाळत नाही. तिचा हट्ट काय होता ते जास्त महत्त्वाचं: पुस्तक लहान मुलाच्या हातात मावलं पाहिजे, आणि स्वस्त असलं पाहिजे. डिसेंबर १९०१ मध्ये तिने पदरचे पैसे घालून २५० प्रती छापून घेतल्या. आतली चित्रं नुसत्या काळ्या रेषांची. ऑक्टोबर १९०२ मध्ये फ्रेडरिक वॉर्न कंपनीने तेच पुस्तक रंगीत काढलं. तेव्हा ती छत्तीस वर्षांची होती.

(दृश्य: दगडी घर, बाग, आतला जिना.)

१९०५ मध्ये तिने इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये हिल टॉप नावाचं शेत विकत घेतलं. पुस्तकांच्या कमाईचा त्यात मोठा हात होता. मग त्या घरातलं स्वयंपाकघर, जिना, बागेचं फाटकसुद्धा नव्या पुस्तकांत उतरलं. तिथे आज संग्रहालय आहे. येणारी माणसं हातात ते छोटंसं पुस्तक धरून जिन्यापाशी थांबतात. एकदा पानाकडे बघतात, एकदा पायऱ्यांकडे.