जॉर्ज इन : घोडागाड्यांच्या काळातली एक सराई

श्रोतेहो, नमस्कार.

लंडन ब्रिजवरून थेम्स ओलांडून दक्षिणेकडे उतरले की बरो हाय स्ट्रीट लागतो. त्याच्या डाव्या हाताला थोड्याथोड्या अंतरावर अरुंद बोळ फुटतात आणि त्यांच्या तोंडाशी नावे दिसतात : किंग्ज हेड यार्ड, व्हाइट हार्ट यार्ड, जॉर्ज इन यार्ड, टॅल्बट यार्ड, क्वीन्स हेड यार्ड. ही सगळी जुन्या सरायांची नावे. सराया गेल्या, नावे तेवढी बोळांना चिकटून राहिली. अपवाद एकाच बोळाचा. जॉर्ज इनच्या यार्डात शिरले की उजव्या बाजूला खरोखरच जुनी सराई उभी आहे, आणि गॅलऱ्या असलेली अशी घोडागाड्यांची सराई सबंध लंडनमध्ये आता ही एकच उरली आहे. या भागाचे नाव लिहितात साउथवर्क, उच्चारतात मात्र ‘सदर्क’. रेडिओवर बोलत असल्यामुळे मीही तसेच म्हणेन.

एकाच रस्त्यावर इतक्या सराया होत्या त्या पुलामुळे. पटनीचा लाकडी पूल १७२९ मध्ये झाला खरा, पण तो नदीच्या वरच्या अंगाला, शहरापासून बराच दूर होता. वेस्टमिन्स्टरचा पूल १७५० मध्ये खुला होईपर्यंत खुद्द शहराजवळ नदी पायी किंवा गाडीने ओलांडायची, तर लंडन ब्रिजशिवाय गत्यंतर नव्हते. केंट, ससेक्स, कँटरबरी, डोव्हर या बाजूंची सगळी वाहतूक त्यामुळे या एका रस्त्यावर एकवटत असे. पुलाचे दरवाजे रात्री बंद होण्याच्या काळात उशिरा पोचलेल्या वाटसरूला अलीकडेच मुक्काम करावा लागे, आणि पहाटे निघणाऱ्याला आदल्या रात्री पूल ओलांडून येथे येऊन राहणे सोयीचे पडे.

आता सराईची रचना पाहू. येथील जागा रस्त्याकडे तोंडाला अरुंद आणि मागे खोलवर गेलेल्या. त्यामुळे रस्त्यावर कमानीचे प्रवेशद्वार, त्यातून गाडी आत जाईल एवढी वाट, आत लांबट अंगण, अंगणाच्या बाजूंना राहण्याच्या इमारती आणि त्यांच्याही मागे तबेले असा क्रम ठरून गेला होता. गाडी अंगणात उभी राही, प्रवासी तेथेच उतरत, घोडे सोडून मागे नेले जात, आणि सामान वर चढवले जाई. वर खोल्यांच्या रांगा असत. पण त्या रांगांना आतून जोडणारी वाट नव्हती. प्रत्येक खोलीचे दार उघडत असे ते थेट बाहेरच्या लाकडी गॅलरीत. या गॅलऱ्यांकडे आज आपण शोभेची वस्तू म्हणून पाहतो, परंतु बांधणाऱ्याच्या लेखी ती निव्वळ ये-जा करण्याची वाट होती. इमारतीच्या पोटातली जागा वाटेत न घालवता तिच्या खोल्या करता येत होत्या, आणि खोलीतल्या माणसाला दार उघडून वाकून पाहिले की आपली गाडी जोडली की नाही हे कळत होते. पावसाळी वाऱ्यात रात्री त्या गॅलरीतून मेणबत्ती सांभाळत जाणे मात्र फारसे सुखाचे नसणार.

या जागी जॉर्ज नावाची सराई सोळाव्या शतकापासून होती. आजची इमारत मात्र १६७७ ची आहे, कारण आदल्याच वर्षी, मे १६७६ मध्ये, सदर्कमध्ये मोठी आग लागून शेकडो घरे जळाली आणि त्यात जॉर्जही गेली. नदीपलीकडे लंडन शहरात १६६६ च्या अग्निकांडानंतर विटेच्या भिंती सक्तीच्या झाल्या होत्या. जॉर्जच्या मालकांनीही विटा वापरल्या, परंतु गॅलऱ्या पूर्वीसारख्याच लाकडी ठेवल्या. म्हणजे बांधली तेव्हाच ही रचना जुन्या वळणाची होती. शेक्सपिअर याच गॅलऱ्यांखाली वावरला असे कोणी सांगू लागले, तर त्याचा मृत्यू १६१६ मध्ये झाला एवढे लक्षात ठेवावे.

गाडीला ‘स्टेजकोच’ म्हणत, कारण प्रवास टप्प्याटप्प्याने होई. साधारण दहा मैलांवर दमलेले घोडे सोडून ताजे जोडावे लागत, आणि हे काम वाटेवरच्या सराया करत. रस्ते सुधारले, १७८४ मध्ये ब्रिस्टल-लंडन मार्गावर टपालगाडी सुरू झाली, आणि वेळापत्रक या गोष्टीला महत्त्व आले. जॉर्जच्या तळमजल्यावर, जेथे पूर्वी गाडीवान आणि प्रवासी थांबत, त्या खोलीत त्या दिवसांची एक खूण भिंतीवर आहे : मोठ्या तबकडीचे, समोर काच नसलेले घड्याळ. त्याला ‘पार्लमेंटचे घड्याळ’ म्हणतात. पंतप्रधान पिट यांनी १७९७ मध्ये घड्याळांवर कर बसवला, लोकांनी घड्याळे बाळगणे सोडले, म्हणून सराईवाल्यांनी गिऱ्हाइकांसाठी अशी घड्याळे टांगली, अशी ही हकिकत आहे. हकिकत चटकदार आहे, पण अशी घड्याळे सरायांत त्याआधी कित्येक वर्षे होतीच, आणि करही वर्षभरात, १७९८ मध्ये, रद्द झाला. गाडी केव्हा सुटणार हे खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसावे, एवढे कारण मला पुरेसे वाटते.

मग रेल्वे आली. लंडन ब्रिजचे स्थानक १८३६ मध्ये, जॉर्जपासून हाकेच्या अंतरावर सुरू झाले. ज्या मार्गांवर घोडागाड्या जात तेथे एकामागून एक रूळ पडले आणि सरायांची अंगणे ओस पडली. पुढे ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने जॉर्ज विकत घेऊन तेथे मालाचा डेपो केला. तोवर सराईच्या इमारती अंगणाच्या तीन बाजूंना होत्या. १८८९ मध्ये कंपनीने गोदामांसाठी त्यातील दोन बाजू पाडल्या आणि दक्षिणेची तेवढी राहिली. तिच्याही एका भागालाच गॅलऱ्या आहेत. बाकीचा भाग साधा, विटांचा आणि वरखाली सरकणाऱ्या खिडक्यांचा.

गंमत अशी की, ही उरलेली बाजू वाचली तीही रेल्वेच्याच हातून. ग्रेट नॉर्दर्नची वारसदार असलेल्या लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने १९३७ मध्ये ती जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या स्वाधीन केली. आज तेथे पब चालतो. जेथे गाड्या वळत असत तेथे बाके मांडलेली असतात, जेथे मुक्कामाच्या खोल्या होत्या तेथे जेवणाची टेबले आहेत, आणि पांढऱ्या कठड्यांच्या त्या दोन मजली गॅलऱ्या समोरच्या नव्या इमारतींकडे तोंड करून उभ्या आहेत. पूर्वी तेथे त्यांच्यासारख्याच गॅलऱ्या होत्या.

नमस्कार.